एप्सिलॉन ते कॅप्पा

परवा एका छोट्या सभागृहात सोफोक्लीस या ग्रीक नाटककाराच्या ‘ईडिपस’चं वाचन झालं. वाचन संपल्यावर जिन्याखाली चहा घेताना एक ज्येष्ठ रसिक म्हणाले, “अडीच हजार वर्षं टिकलंय, उगाच नाही. काळाच्या कसोटीला उतरतं तेच उरतं.” सगळ्यांच्या माना डोलल्या. माझीही डोलली. घरी येताना रिक्षात मात्र माझी मलाच लाज वाटली. आयुष्यभर मी संख्याशास्त्र शिकवत आलेय, आणि हेच वाक्य वर्गात कुणी बोललं असतं तर मी त्याला बाकावरून उठवलं असतं.

कारण हे ‘ईडिपस’ अथेन्समध्ये पहिल्यांदा स्पर्धेत उतरलं तेव्हा सोफोक्लीसचा पहिला नंबर आला नव्हता. तो आला फिलोक्लीसचा. हा एस्किलस या थोर नाटककाराचा भाचा, नावावर शंभरेक नाटकं. त्यातलं आज एकही नाही. इ.स.पू. ४३१ मध्ये युरिपिडीस या नाटककाराची ‘मीडिया’ रंगमंचावर आली. स्पर्धेत तिघे होते, युरिपिडीस तिसरा आला. दुसरा सोफोक्लीस. पहिला युफोरिअन, एस्किलसचा मुलगा. त्याचंही नाटक उरलेलं नाही. इ.स.पू. ४१५ मध्ये ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ला मागे टाकणारा झेनोक्लीस तर इतका पुसला गेला, की रोमन काळातला लेखक ईलिअन वैतागून विचारतो, हा झेनोक्लीस म्हणजे कोण?

परीक्षक मूर्ख होते असं म्हणून मोकळं होता येईल. पण मग काळ नावाचा परीक्षक शहाणा होता हे कशावरून? त्यानं तर फिलोक्लीसचं नाटक वाचायचीही तसदी घेतली नाही.

आपल्याकडे म्हणतात, शितावरून भाताची परीक्षा. नमुना-सर्वेक्षणाचं सगळं शास्त्र या तीन शब्दांत आहे, फक्त एक अट त्यात अध्याहृत आहे. शीत कुठूनही उचललेलं असलं पाहिजे. पातेल्यावर झाकण ठेवून वाढणाऱ्यानं तुमच्या हातावर स्वतः निवडलेलं एक टपोरं, मोकळं शीत ठेवलं तर त्यावरून तुम्हाला वाढणाऱ्याची आवड कळेल. खाली भात करपलाय की गिचका झालाय ते कळणार नाही.

आधी पातेलं केवढं होतं ते पाहू. अथेन्समध्ये दर वसंतात डायोनायसस देवाचा मोठा उत्सव व्हायचा. त्यात तीन नाटककार, प्रत्येकाच्या तीन ट्रॅजेडी आणि शेवटी एक सॅटर-नाटक, म्हणजे घोड्याचं शेपूट लावलेल्या उनाड समूहाचा धिंगाणा. वर्षाला नऊ ट्रॅजेडी. एकट्या इ.स.पू. पाचव्या शतकात, एकट्या या उत्सवात, नऊशेच्या घरात. लेनाया नावाचा हिवाळी उत्सव वेगळाच, आणि चौथ्या शतकात तर अस्तिदामस नावाचा एकच गृहस्थ २४० नाटकं लिहून गेल्याची नोंद एका बायझंटाइन कोशात आहे. आज आपल्या हातात पूर्ण असलेल्या ट्रॅजेडी बत्तीस. लेखकत्वाचे वाद बाजूला ठेवले तर एस्किलसच्या सात, सोफोक्लीसच्या सात, उरलेल्या युरिपिडीसच्या. चौथ्या लेखकाची एकही नाही.

आता व्हॉट्सॲपवरचा लाडका खुलासा येतो: अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय जळलं आणि सगळं ज्ञान राख झालं. (आमच्या गटावर याच्या खाली लगेच नालंदा येतं आणि त्याखाली विमानविद्या.) एक आग, एक खलनायक, आणि आपण रडायला मोकळे. या कथेला ‘मीडिया’च्याच प्रस्तावनेत उत्तर आहे. जुन्या हस्तलिखितांत नाटकाच्या आधी एक छोटी टीप असते. ती अलेक्झांड्रियाच्याच ग्रंथालयाचा प्रमुख, बायझँटिअमचा ॲरिस्टोफेनीस, याच्या परंपरेतली आहे. हा विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनीस नव्हे, त्याच्या दोनशे वर्षांनंतरचा. टीपेत ४३१ सालच्या स्पर्धेचा निकाल दिला आहे, आणि त्या दिवशी ‘मीडिया’बरोबर सादर झालेल्या युरिपिडीसच्या सॅटर-नाटकाचं नाव: ‘कापणीवाले’. त्यापुढे दोनच शब्द: “उपलब्ध नाही.”

तो ग्रंथपाल इ.स.पू. १८० च्या सुमारास वारला. सीझरच्या सैनिकांमुळे अलेक्झांड्रियात जी आग लागली म्हणतात, ती इ.स.पू. ४८ ची. म्हणजे ग्रंथालय भरात होतं, पैसा होता, राजाश्रय होता, तेव्हाच एका मोठ्या नाटककाराचं नाटक यादीतून गेलेलं होतं. कुणी जाळलं नव्हतं. कुणी उतरवून घेतलं नव्हतं, एवढंच.

पपायरसची गुंडाळी म्हणजे पाणवनस्पतीच्या पट्ट्यांचा कागद. दमट हवेत तो काही पिढ्यांत कुजतो. टिकायचं तर कुणीतरी मेहनत घेऊन, पैसे मोजून पुन्हा नक्कल केली पाहिजे. त्यामुळे ग्रंथाचं जगणं हे वंश चालण्यासारखं आहे. घराण्याची आडनावं कशी बुडतात याचं जे गणित एकोणिसाव्या शतकात मांडलं गेलं, ते इथे जसंच्या तसं लागू पडतं. समजा, प्रत्येक प्रत नष्ट होण्याआधी एक तर दोन नकला मागे ठेवते किंवा एकही नाही, आणि दोन्हीची शक्यता निम्मी-निम्मी. सरासरी एकास एक. ऐकायला सुरक्षित वाटतं. पण एका प्रतीपासून सुरुवात केली तर पहिल्या पिढीत वंश बुडण्याची शक्यता ५० टक्के, दुसऱ्या पिढीअखेर साडेबासष्ट, आणि पाचव्या पिढीअखेर ७७ टक्क्यांच्या पुढे. सुरुवातीला दहा प्रती असतील तर हीच शक्यता ८ टक्क्यांवर येते, कारण दहाही वंश बुडावे लागतात: ०.७७५ चा दहावा घात. पिढ्या वाढवत नेल्या तर शेवटी दहाही बुडतात, ते वेगळं. खलनायक नाही, आग नाही, नुसती नाणेफेक. ‘वाईट’ नाटकाचा या हिशेबात कुठेच संबंध आला नाही. संबंध आला तो प्रतींच्या संख्येचा.

आणि प्रती कशाच्या जास्त? जे शाळेत लावलंय त्याच्या. इ.स.पू. ३३० च्या सुमारास अथेन्सच्या लायकर्गस या पुढाऱ्यानं कायदा करून तिघांच्याच, एस्किलस, सोफोक्लीस, युरिपिडीस यांच्याच, नाटकांची अधिकृत प्रत सरकारात ठेवायला लावली. तिथेच बाकीच्यांचं वाटोळं सुरू झालं. पुढे तिघांची मोजकी नाटकं शिक्षणात राहिली. बायझंटाइन काळात तर प्रत्येकाची तीनच नाटकं मुलांकडून घोटून घेत, आणि युरिपिडीसच्या त्या तिनांत ‘मीडिया’ नव्हती! होत्या ‘हेक्युबा’, ‘ओरेस्टीस’ आणि ‘फिनिशियन स्त्रिया’. दहावीच्या पुस्तकातल्या कविता तेवढ्या उरल्या आणि मराठी कविता म्हणजे त्याच असं भावी पिढ्यांनी ठरवलं, तर काय होईल याची कल्पना करा.

म्हणजे आपल्या हातात आलं ते मास्तरांनी निवडलेलं शीत. तिथेच गोष्ट संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. पण युरिपिडीसच्या बाबतीत एक विलक्षण अपघात झाला आहे. तो मला कळला तेव्हा रात्री मी घरात कुणाला सांगू, कुणाला नको, असं करत फिरत होते.

फ्लोरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात एक हस्तलिखित आहे. अभ्यासक त्याला नुसतं ‘एल’ म्हणतात. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला थेसालोनिकी शहरात डिमिट्रिअस ट्रिक्लिनिअस या विद्वानाच्या देखरेखीखाली ते उतरवलं गेलं. त्यात शाळेत शिकवली जाणारी नाटकं आहेतच. पण त्याखेरीज नऊ नाटकं अशी आहेत की ती शाळेत नव्हती, त्यांवर टीपा नाहीत, आणि स्वतंत्र म्हणावी अशी दुसरी पूर्ण प्रत जगात नाही. त्यांची नावं पाहा: ‘हेलेन’, ‘इलेक्ट्रा’, ‘हेराक्लीस’, ‘हेराक्लीसची मुलं’, ‘शरणार्थिनी’, ‘इऑन’, दोन ‘इफिजिनिया’ आणि ‘किक्लोप्स’. मराठीत काही दिसत नाही. ग्रीकमध्ये लिहिली की दिसतं. ग्रीक लिपीत ‘ह’ला वेगळं अक्षर नाही, तो स्वरावरच्या खुणेनं दाखवतात. त्यामुळे ‘हेलेन’ एप्सिलॉनखाली येते, ‘हेराक्लीस’ आणि ‘इलेक्ट्रा’ ईटाखाली, ‘शरणार्थिनी’ म्हणजे ‘हिकेटिडेस’ ही आयोटाखाली, ‘इऑन’ आणि ‘इफिजिनिया’ही तिथेच, आणि ‘किक्लोप्स’ कॅप्पाखाली. नऊच्या नऊ एप्सिलॉन ते कॅप्पा या लागोपाठच्या सहा अक्षरांच्या एका पट्ट्यात.

रद्दीवाल्याकडे विश्वकोशाचा एकच सुटा खंड मिळावा, तसं हे आहे. कुणाच्या तरी घरी युरिपिडीसची समग्र नाटकं अकारविल्हे लावलेली होती आणि त्यातला मधला तुकडा तेवढा वाचला.

हा योगायोग असू शकतो का? मोजून पाहू. युरिपिडीसची ७८ नाटकं अलेक्झांड्रियात होती अशी नोंद आहे. ज्ञात नावांत या अक्षरांची वीसच्या आसपास भरतात, म्हणजे ढोबळ चौथाई. आंधळेपणानं नऊ चिठ्ठ्या काढल्या आणि नऊही त्या चौथाईतल्या निघाल्या, याची शक्यता पावचा नववा घात: २,६२,१४४ मध्ये एक. इथे माझ्यातला परीक्षक हात वर करतो. ‘एप्सिलॉन ते कॅप्पा’ हा पट्टा आपण निकाल पाहून निवडला, आधी ठरवला नव्हता. दुसरा कुठला पट्टा असता तरी आपण असेच थक्क झालो असतो. बरोबर. चोवीस अक्षरांत सहा-सहा अक्षरांचे लागोपाठचे पट्टे एकोणीसच होतात. प्रत्येकाला सारखी संधी दिली तरी शक्यता तेरा-चौदा हजारांत एक राहते. तेव्हा योगायोग बाद. हा खरोखर वर्णक्रमानं लावलेल्या संचाचा तुकडा आहे.

बारकाईनं पाहिलं तर आणखी एक गंमत. या पट्ट्यात थीटाही येतो, पण थीटाचं ‘थीसिअस’ आलेलं नाही. एप्सिलॉनचं ‘एरेक्थिअस’ही नाही. ब्रुनो श्नेल या जर्मन अभ्यासकानं यावर सुचवलेला तर्क मला फार आवडतो. एका गुंडाळीत एक नाटक, आणि अशा पाच-पाच गुंडाळ्यांची एक पेटी. नऊ नाटकांत ‘हेक्युबा’ मिळवली (ती एप्सिलॉनचीच, पण शाळेमुळे वेगळ्या वाटेनंही टिकली) की होतात दहा. एका पेटीत एप्सिलॉन-ईटाची पाच, दुसरीत आयोटा-कॅप्पाची पाच. दोन पेट्या! ज्या पेटीत ‘थीसिअस’ होतं ती गेली.

संख्याशास्त्राच्या दृष्टीनं याचं मोल सांगते. नाटकाच्या पहिल्या अक्षराचा त्याच्या दर्जाशी काही संबंध नसतो. म्हणून या दोन पेट्या म्हणजे मास्तरांनी न निवडलेलं शीत आहे. प्राचीन ट्रॅजेडीचा जवळजवळ यादृच्छिक म्हणावा असा आपल्याकडचा हा एकमेव नमुना, आणि तो कुणी शास्त्रज्ञानं काढलेला नाही.

आता या ‘एल’चीच एक कुळकथा. तिला फाटा द्यायला हवा, पण माझ्यानं राहवत नाही. त्याच चौदाव्या शतकातलं ‘पी’ नावाचं आणखी एक हस्तलिखित आहे, आणि त्यातही हीच नऊ नाटकं आहेत. प्रश्न असा की ‘पी’ हे ‘एल’चं भावंड की अपत्य? भावंड असेल तर दोघांची साक्ष वेगवेगळी धरायची, अपत्य असेल तर ‘पी’ची साक्ष शून्य. हे ठरवायचं कसं? चुकांवरून. परीक्षेच्या हॉलमध्ये दोन पेपरांत तेच बरोबर उत्तर दिसलं तर काही सिद्ध होत नाही. तीच विचित्र चूक दिसली की पर्यवेक्षक थबकतो. दोन प्रतींत सामाईक चुका असतील तर त्यांचा पूर्वज एक. आणि एकीतल्या साऱ्या चुका दुसरीत असून वर थोड्या जास्त असतील, तर दुसरी पहिलीवरून उतरवलेली असण्याचा संभव मोठा. ‘संभव’ म्हणते, कारण हुशार नक्कलकार चुका दुरुस्तही करतो आणि मग झाडाच्या फांद्या एकमेकींत गुंततात. विषाणूंच्या जनुकांतले बदल पाहून त्यांचं कुळ लावतात ती रीत हीच आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत विष्णू सीताराम सुकथनकरांनी महाभारताच्या शेकडो पोथ्या समोर मांडून त्यांची घराणी लावली, तीही याच तर्कानं. चिकित्सक आवृत्ती पूर्ण व्हायला १९६६ साल उजाडलं.

‘एल’ आणि ‘पी’चा वाद बरीच वर्षं चालला. तो मिटवला गुंथर झुंट्झ यांनी. ‘पी’मध्ये ‘हेलेन’च्या एका ओळीत, जिथे अर्थाच्या दृष्टीनं काही कारण नाही अशा जागी, अपूर्णविरामासारखी खूण होती. ‘एल’च्या छायाचित्रातही त्याच जागी तीच खूण. झुंट्झ यांनी फ्लोरेन्सला जाऊन मूळ पान पाहिलं. ती शाई नव्हतीच. त्या जाड्याभरड्या कागदात अडकलेली काडी होती, गवताची! ‘पी’ लिहिणाऱ्यानं समोरच्या पानावरची काडी विरामचिन्ह समजून इमानेइतबारे उतरवली होती. दोन भावंडांच्या कागदात एकाच शब्दाशी एकसारखी काडी येणं शक्य नाही. ‘पी’च्या लेखकासमोर हाच कागद होता. पुढे ट्रिक्लिनिअसनं ‘एल’वर वेळोवेळी केलेल्या दुरुस्त्यांची शाई वेगवेगळी असल्याचंही झुंट्झ यांनी दाखवलं. ‘पी’मध्ये पहिल्या फेरीतल्या दुरुस्त्या आहेत, नंतरच्या नाहीत. म्हणजे नक्कल कोणत्या दोन फेऱ्यांच्या मधे झाली तेही समजलं. हे सगळं १९६५ मध्ये पुस्तकरूपानं आलं. एका काडीनं ठरवलं की या नऊ नाटकांपुरती जगाकडे साक्ष एकच आहे, ‘एल’ची. ते एक पुस्तक भिजलं असतं तर हेलेन गेली होती.

असो. मूळ मुद्दा: न निवडलेलं शीत चाखल्यावर भात कसा लागतो?

पहिली गोष्ट, ‘किक्लोप्स’ ही ट्रॅजेडी नव्हेच, ते सॅटर-नाटक आहे. दर वर्षी तीन व्हायची, शेकडो लिहिली गेली, शाळेत एकही लावलं नाही. पूर्ण स्वरूपात उरलेलं हे एकमेव. एक अख्खा नाट्यप्रकार आपल्याला माहीत आहे तो मुख्यतः त्याचं नाव ‘क’नं सुरू होतं म्हणून. सोफोक्लीसचं ‘मागकाढे’ इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यातून निघालेल्या पपायरसवरून १९१२ मध्ये छापलं गेलं, पण तेही अर्धवट. (त्याच १९१२ मध्ये त्रिवेंद्रमहून गणपतिशास्त्र्यांनी भासाचं ‘स्वप्नवासवदत्त’ छापलं. तोवर भास आपल्यालाही मुख्यत्वे नावानंच ठाऊक होता. कालिदासानं त्याच्याच पंक्तीत बसवलेले सौमिल्ल आणि कविपुत्र अजून नावानंच ठाऊक आहेत.)

दुसरी गोष्ट आपल्या भाषेच्या जिव्हारी लागणारी आहे. ट्रॅजेडीला आपण मराठीत ‘शोकांतिका’ म्हणतो. ग्रीक शब्दात शोकही नाही आणि अंतही नाही. त्याची फोड ‘बोकड’ आणि ‘गाणं’ अशी होते. शोकांत ही व्याख्या आपण उरलेल्या नाटकांवरून आणि त्यांवरच्या टीकेवरून बांधली. आता पेटीतली आठ ट्रॅजेडी पाहा. ‘हेलेन’मध्ये हेलेन ट्रॉयला गेलेलीच नसते. तिकडे गेली ती तिची छायामूर्ती, खरी हेलेन इजिप्तमध्ये नवऱ्याची वाट पाहत असते. तो येतो, दोघं राजाला फसवून जहाजातून पळून जातात. ‘इऑन’मध्ये आई-मुलगा एकमेकांना मारायला उठतात आणि ऐन वेळी नातं उघडं होतं. एका ‘इफिजिनिया’त बहीण भावाला बळी देणार तोच ओळख पटते, मग दोघं निसटतात. आठांत तीन उघडउघड सुखान्त. युरिपिडीसच्या शाळेमुळे टिकलेल्या दहा ट्रॅजेडींत ‘अल्केस्टिस’ तशी आहे, पण ती सॅटर-नाटकाच्या जागी सादर झालेली, आणि ‘ओरेस्टीस’चा शेवट देव येऊन ओढूनताणून गोड करतो. आठ हा आकडा लहान आहे, यावरून कुणी पी-व्हॅल्यू काढायला बसू नये. पण ‘दुःखात संपते ती ट्रॅजेडी’ हे विधान मोडायला तीनही पुरतात.

खुद्द ॲरिस्टॉटल या बाबतीत दोन तोंडांनी बोलतो. ‘काव्यशास्त्रा’त एका प्रकरणात तो दुःखान्ताची बाजू घेतो. पुढच्याच प्रकरणात सर्वोत्तम प्रसंगाचं उदाहरण म्हणून युरिपिडीसचं ‘क्रेस्फोंटीस’ देतो: आई मुलाला न ओळखता मारायला निघते आणि अगदी शेवटच्या क्षणी ओळखते. मुलाच्या खुन्याला मारतेय अशा समजुतीनं त्या आईनं, मेरोपीनं, झोपलेल्या मुलावर कुऱ्हाड उगारली, की म्हातारा तिला अडवेपर्यंत अख्खं प्रेक्षागृह भीतीनं उठून उभं राहायचं, असं प्लुटार्क सांगतो. हे नाटक आज नाही. ‘क्रेस्फोंटीस’ कॅप्पाचंच. ‘किक्लोप्स’ ज्या पेटीत गेलं त्या पेटीत ते असायचं तर एक गुंडाळी इकडची तिकडे व्हायला हवी होती.

बाकीच्या विसरलेल्या नाटककारांचं काय उरलं? अवतरणं. आणि अवतरणांनाही वाढणारा असतोच. इ.स.च्या पाचव्या शतकात स्टोबीअस नावाच्या माणसानं मुलाच्या शिक्षणासाठी वेच्यांचा संग्रह केला. त्यातून आलेले तुकडे सगळे बोधपर. अथेनीअसनं मेजवानीच्या गप्पांचा एक अजस्र ग्रंथ लिहिला. त्यातून आलेले तुकडे मासे, पेले आणि दारू यांचे. खिऑस बेटाचा इऑन (हा माणूस, वरचं नाटक नव्हे) स्पर्धा जिंकल्यावर आपल्या बेटाची वाइन अथेन्सकरांना वाटता झाला, ही त्याची कीर्ती उरली. नाटकं गेली. कोशकारांनी फक्त चमत्कारिक शब्द टिपले. समजा, मराठी रंगभूमी पुढच्यांना फक्त दिनदर्शिकेच्या मागच्या पानावरच्या सुविचारांतून आणि एखाद्या पाककृतीच्या पुस्तकातून भेटली, तर आपले नाटककार त्यांना एकतर कीर्तनकार वाटतील किंवा आचारी.

त्यातला त्यात अगाथॉनसाठी माझा जीव तुटतो. इ.स.पू. ४१६ मध्ये तो पहिल्यांदा जिंकला. त्या विजयाची मेजवानी हीच प्लेटोच्या ‘सिंपोझिअम’ या संवादाची पार्श्वभूमी. त्याचं एक नाटक असं होतं की त्यातली माणसं आणि घटना, सगळं त्यानं मनानं रचलं होतं. पुराणकथेचा आधार नाही. ॲरिस्टॉटल म्हणतो, म्हणून ते कमी रंजक झालं नाही. तेही गेलं. त्याची एक ओळ ॲरिस्टॉटलनंच जपली आहे: घडून गेलेलं न घडलेलं करणं, एवढं एकच देवालाही जमत नाही.

मग देवाला न जमलेलं यंत्राला जमेल, अशा बातम्या येतात. व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या राखेत जळून कोळसा झालेल्या, हर्क्युलेनिअम या रोमन गावातल्या गुंडाळ्या न उलगडता क्ष-किरणांनी वाचायचं काम खरोखर थक्क करणारं आहे. कोळशाच्या कागदावर कोळशाची शाई, दोन्हींची घनता सारखीच, त्यामुळे क्ष-किरणांना शाई दिसतच नाही. पृष्ठभागावर शाईनं सोडलेल्या बारीक तड्यांच्या खुणांवरून संगणकाला अक्षरं ओळखायला शिकवलं. २०२४ च्या सुरुवातीला दोन हजारांवर अक्षरं वाचल्याचं जाहीर झालं. पण लगेच ‘हरवलेला सोफोक्लीस आता मिळणार’ असे मथळे देऊ नयेत. तो संग्रह ज्याचा होता त्याला एपिक्युरसचं तत्त्वज्ञान आवडत असे, आणि आजवर वाचलेलं बहुतेक तेच आहे. तिथेही पातेल्याजवळ कुणीतरी बसलेला आहे.

नाटकाची खरी बातमी आली ती जुन्याच रस्त्यानं, कोरड्या वाळूतून. २०२२ मध्ये इजिप्तच्या फय्यूम भागात, प्राचीन फिलाडेल्फियाच्या दफनभूमीत तिथल्या पुरातत्त्वज्ञांना एका थडग्यात पपायरसचा तुकडा सापडला. छायाचित्रं कोलोरॅडो विद्यापीठात गेली, आणि २०२४ मध्ये वाचन प्रसिद्ध झालं: युरिपिडीसच्या दोन हरवलेल्या नाटकांच्या मिळून शंभराच्या आसपास ओळी, बहुतेक आजवर कुणी न पाहिलेल्या. ‘इनो’मध्ये थेमिस्टो सवतीची मुलं मारायला निघते. कुणाची कोणती ते कळावं म्हणून आपल्या मुलांना पांढरे आणि सवतीच्या मुलांना काळे कपडे घालायला सांगते, आणि कपड्यांची अदलाबदल झाल्यानं स्वतःचीच मुलं मारते. ‘पॉलिइडस’मध्ये मधाच्या रांजणात बुडून मेलेल्या राजपुत्राबरोबर ज्योतिषाला थडग्यात कोंडतात. तिथे एक साप दुसऱ्या मेलेल्या सापाला वनस्पती आणून जिवंत करताना त्याला दिसतो, आणि तीच वनस्पती वापरून तो मुलाला उठवतो.

एकाच तुकड्यावर एक शोकान्त आणि एक सुखान्त. आठांत तीनचं माझं प्रमाण दहांत चार करायचा मोह मला झाला, कबूल करते. पण हे वेचे त्या काळच्या कुणीतरी, कशासाठी तरी, मुद्दाम निवडून शेजारी-शेजारी उतरवलेले आहेत. माझ्या नमुन्यात ते चालणार नाहीत.